वैतागवही, पुठ्ठा आणि पक्कड : पोरांना शोध लावायला शिकवायचं तर

आधीच सांगतो, मी शिक्षक नाही. कराडजवळ माझं मोटार रिवायंडिंगचं छोटं वर्कशॉप आहे, पाणबुडी मोटारी, पंखे, मिक्सर असलं सगळं येतं, आणि गेली चार वर्षं रविवारी सकाळी साडेनऊ ते बारा शटर अर्धं वर करून दहा-बारा पोरापोरींना घेऊन बसतो. सुरुवात कशी झाली तर भाच्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि तो आला की मामा, धरणाचं मॉडेल करून दे. करून दे! म्हणजे थर्माकोल कापणार मी, एलईडी लावणार मी, आणि स्टेजवर जाणार हा. मी नाही म्हटलं, तो रुसला, ताई पण रुसली, मग म्हटलं बरं धरण राहूदे, तुमच्या घरात रोज कुणाला कशाचा वैताग येतो एवढं सांग. त्याला एक पण सांगता येईना. सातवीतला पोरगा, पायथागोरस पाठ, पण आई रोज कशावरून चिडते ते माहीत नाही. तिथून हे सुरू झालं. बरेच जण विचारतात की आम्हाला पण आमच्या सोसायटीत, गावात, शाळेत असं करायचंय तर नक्की काय करता, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

वय म्हणाल तर सहावी ते नववी. दहावीचं पोरगं क्लासमधून सुटतच नाही. बारापेक्षा जास्त घेऊ नका, एका माणसाला एवढीच झेपतात, आणि सोल्डरिंग चालू असताना तर सहाच. किट विकत घ्यायची घाई अजिबात करू नका. पहिल्या वर्षी उत्साहात मी ऑनलाइन रोबोटिक्स किट मागवलं होतं, पोरांनी पुस्तकात बघून बघून गाडी जोडली, गाडी पळाली, टाळ्या वाजल्या आणि पुढच्या रविवारी सगळी म्हणाली की काका आता दुसरं किट. संपलं. किटमध्ये प्रॉब्लेम पण दुसऱ्याचा आणि उत्तर पण दुसऱ्याचंच असतं, आपण फक्त स्क्रू पिळायचे.

सामान साधंच लागतं. पक्कड दोन-तीन, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हरचा सेट, हॅक्सॉ ब्लेड, कात्री, मोजपट्टी, स्प्रिंगचा वजनकाटा, फेव्हिकॉल, एमसील, सुतळी, पंक्चरवाल्याकडची फाटकी ट्यूब, आणि पुठ्ठा, भरपूर पुठ्ठा. किराणावाल्याला सांगून ठेवा, खोकी फुकट मिळतात. बाकी भंगारवाल्याशी दोस्ती करा.

पहिले दोन रविवार नुसतं खोलायचं. बंद पडलेला मिक्सर, टेबल फॅन, इस्त्री, रेडिओ, टिकटिक करणारं बॉलपेन (बॉलपेनपासूनच सुरू करा, त्यातला खटका कसा अडकतो आणि कसा सुटतो हे सांगताना मोठ्यांची पण बोबडी वळते). इथे एक गोष्ट सक्त पाळा. वस्तू पोरांच्या हातात जायच्या आधी तिची वायर पिनसकट कापून टाकायची, म्हणजे कुणी हौसेने बोर्डात घालणारच नाही. मायक्रोवेव्ह, जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही, सीएफएल, मोबाईलची नाहीतर पॉवर बँकेची बॅटरी हे टेबलावर येताच कामा नये. मायक्रोवेव्हचा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेऊ शकतो आणि लिथियमची बॅटरी खिळा घुसला की पेटते. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून नियम आहे, ९ व्होल्टच्या वर काही करायचं नाही, घरच्या लाईटला हात नाही म्हणजे नाही.

ज्यांच्याकडे खोलायला काही नाही त्यांनी टाकाऊतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची जुनी आयडिया घ्यावी. व्हॉल्व्ह ट्यूबचे बारके तुकडे करून त्यात काड्या खोचायच्या, तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौकोन करायचा आणि दाबून बघायचा. चौकोन लवतो, त्रिकोण हलत नाही. मग पोरांना बाहेर नेऊन मोबाईलचा टॉवर आणि पत्र्याच्या शेडची कैची (छपराखालची लोखंडी चौकट) दाखवायची, कुठे कुठे त्रिकोण आहेत ते तीच मोजत बसतात. गुप्तांच्या वेबसाइटवर अशी शेकडो खेळणी फुकट आहेत, मराठीतून पण.

आता मेन काम, वैतागवही. साधी शंभर पानी वही. आठवडाभर घरात, शाळेत, रस्त्यात कोण कशावरून वैतागलं ते लिहायचं, आठवड्याला किमान दहा. प्रत्येक वैतागापुढे चार गोष्टी: कोण, कधी, दिवसातून किती वेळा, आणि आत्ता तो माणूस त्यावर काय करतो. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. माणसाने आधीच काहीतरी जुगाड केलेला असेल, गेटला दगड लावलाय, कपाटाच्या दाराला कागदाची घडी खोचलीय, दुधाच्या पातेल्यावर उलटा चमचा ठेवलाय, तर तिथे खरा त्रास आहे. ज्या त्रासावर कुणी साधी सुतळीसुद्धा बांधलेली नाही तो बहुतेक वेळा बोलण्यापुरताच असतो.

पहिल्या आठवड्यात वहीत काय येणार ते मी आत्ताच सांगतो. प्रदूषण. ग्लोबल वॉर्मिंग. रस्त्यावरचे अपघात. निबंधाचे विषय सगळे! ओरडू नका, फक्त विचारा की कुणाचं प्रदूषण, कुठल्या घरात, त्या माणसाचं नाव काय. आमचा नियम असा आहे की ज्या माणसाच्या घरी जाऊन चहा पिता येईल त्याचाच प्रॉब्लेम घ्यायचा. या एका नियमाने निम्मी वही आपोआप गळते. उरतं ते असं: आजी गोळ्या विसरते, टाकी भरून वाहते, पावसाळ्यात शाळेचे मोजे वाळत नाहीत, साठवणीच्या चाळीतला कांदा सडलेला कळतो तोपर्यंत शेजारचे दहा खराब झालेले असतात, डेपोत एसटीची पाटी लांबून वाचता येत नाही.

गोळ्यांचं सविस्तर सांगतो कारण त्यात सगळं येतं. दुसऱ्या वर्षी सातवीतल्या एका पोरीने लिहिलं की आजी बीपीची गोळी विसरते. पूर्ण ग्रुपला आवडलं, पाच मिनिटांत उत्तर तयार: ॲप. रिमाइंडर वाजणार, आजी ओके दाबणार. मी म्हटलं आजीकडे कुठला फोन आहे? बटणाचा. बरं, मग सेन्सरवाला डबा. मी त्या दिवसापासून ॲप आणि सेन्सर हे दोन शब्द पहिले चार रविवार बंद करून टाकले, जो बोलेल त्याने पाच उठाबशा. आणि तिघांना आजीकडे पाठवलं, काही न सुचवता नुसतं बसायला.

कसं बसायचं हे शिकवावं लागतं बरं का. "आजी तुम्हाला असा डबा आवडेल का?" असं विचारलं तर आजी म्हणणार, हो बाळा, लई छान. लेकरांना नाही कोण म्हणतं! म्हणून आवडेल का, पाहिजे का, वापराल का असे प्रश्नच नाहीत. "काल गोळी घेतलीत ती कशी घेतली, मला करून दाखवा" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं पोरांना सगळ्यात जड जातं, मलाही.

आजींनी पिशवी काढली. पिशवीत स्ट्रिपचे कापलेले तुकडे, कुठल्यावर अर्धं नाव, कुठल्यावर काहीच नाही. आणि आजी काय म्हणाल्या तर, "मी इसरत न्हाय रं, सकाळी खाल्ली का न्हाय त्येच ध्यानात ऱ्हात न्हाय. मग कधी दोनदा हुती, कधी भ्यानं खातच न्हाय." म्हणजे बघा, रिमाइंडरचा काही संबंधच नव्हता! आठवण त्यांना होतीच, पुरावा नव्हता. आम्ही ॲप केलं असतं तर आजी दोनदा खायच्या त्या तीनदा खाल्ल्या असत्या.

परत आल्यावर एक वाक्य लिहायचं, फळ्यावर, मोठ्या अक्षरात. "अमुक माणसाला, अमुक वेळी, अमुक कळत नाही किंवा जमत नाही, कारण अमुक." त्या वाक्यात उत्तर लपलेलं नको. "आजीला डबा पाहिजे" हे चालत नाही. "आजींना सकाळी नऊनंतर आजची गोळी घेतली का ते बघून कळत नाही, कारण कापलेल्या पट्टीवरून दिवस कळत नाही" हे चाललं. या वाक्यावर आमचा अख्खा एक रविवार जातो आणि पालक विचारतात आज काय बनवलं, तर काहीच नाही, वाक्य बनवलं. जाऊदे, वैतागू देत, तो पण वहीत लिहा.

मग चिठ्ठ्या. प्रत्येकाने एकट्याने, न बोलता, पंधरा मिनिटांत दहा उपाय. पहिले चार सगळ्यांचे सारखेच येतात, सहाव्या-सातव्यापासून येडपट येतात (कोंबडी पाळा, ती रोज एक गोळी…) आणि त्या येडपटातच कधीकधी माल असतो. चिठ्ठी मोठ्याने वाचताना हसायला परवानगी, पण "हे होणार नाही" म्हणायला बंदी, ते नंतर वस्तूच सांगते.

शेवटी झालं काय तर सात आगपेट्या. एका पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवल्या, प्रत्येकीवर वार, आणि वाचायला त्रास नको म्हणून सोमवारला महादेवाची पिंडी, गुरुवारला दत्त, शनिवारला मारुती अशी चित्रं, वार आजींना असेच लक्षात राहतात. गोळी घेतली की ड्रॉवर उघडाच ठेवायचा. झालं. पहिला नमुना चाळीस मिनिटांत, खर्च दहा रुपये. नमुना कायम पुठ्ठ्याचाच करायला लावा, ॲक्रिलिक किंवा थ्रीडी प्रिंट पहिल्या दिवशी अजिबात नाही, कारण सुंदर दिसणाऱ्या वस्तूत पोरांचा जीव अडकतो आणि मग ती बदलायला तयार होत नाहीत. आणि वस्तू छान दिसली की आजी पण खोटं बोलतात.

आठवड्याने परत गेली तर दोन गोष्टी बिघडल्या होत्या. पोरांनी गोळ्या पट्टीतून फोडून पेटीत टाकल्या होत्या आणि जुलैचा महिना, त्यातल्या दोन दमट होऊन चुरा झालेल्या. मग मेडिकलवाल्या काकांना विचारलं तेव्हा कळलं की गोळी फॉइलमध्येच ठेवून कापायची, आणि ज्या टोकाला एक्स्पायरी छापलीय ते टोक शेवटपर्यंत राखायचं. ही माहिती अख्ख्या ग्रुपमध्ये कुणालाच नव्हती, मलाही नव्हती. दुसरं म्हणजे संध्याकाळची वेगळी गोळी होती, ती आजींनी आम्हाला सांगितलीच नव्हती, आम्ही विचारली कुठे! मग खाली दुसरी ओळ, चंद्राचं चित्र काढलेली. तिसऱ्या नमुन्यात फॉइलचा तुकडा बसायला मोठी पेटी लागली. औषधाचं काही असेल तर एक नियम घाला, कुठली गोळी कधी हे पोरांनी ठरवायचं नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरूनच भरायचं आणि घरातल्या मोठ्याने तपासायचं.

दुसरी गोष्ट टाकीची, ती फसली म्हणून सांगतो. टाकी भरली की वाजणारा बझर हा अगदी सोपा सर्किट आहे, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी, बझर, एक रेझिस्टन्स आणि टाकीच्या वरच्या कडेला दोन उघड्या वायरी, पाणी दोन्हीला टेकलं की नळाच्या पाण्यातून बारीक करंट जातो आणि ट्रान्झिस्टर चालू होतो. आठवीतल्या पोरांनी केला, वाजला, नाचली. पंधरा दिवसांनी ज्यांच्या टाकीला लावला त्या काकू म्हणाल्या टाकी परत वाहते. वर जाऊन बघितलं तर एक वायर हिरवी पडून खाल्लेली आणि दुसरी जवळपास नवी. आता इथे मी चटकन सांगू शकत होतो, माझा धंदाच आहे तो, पण हात मागे बांधून उभा राहिलो. कुठली वायर गेली? प्लसची. दरवेळी प्लसचीच? दोन ग्लासांत मीठ-पाणी घेऊन तीन दिवस बघितलं, हो, प्लसचीच. पुस्तकातलं इलेक्ट्रोलिसिस (करंट गेला की प्लसचा धातू पाण्यात विरघळत जातो ते) तेव्हा त्यांना खरं वाटलं. तांब्याच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या काड्या लावल्या, टिकल्या.

आणि तरी टाकी वाहायचीच! का तर बझर गच्चीवर टाकीपाशी, आणि मोटर चालू करणाऱ्या काकू खाली स्वयंपाकघरात मिक्सर लावून चटणी वाटतायत. ऐकणार कोण, कावळे? वायर लांब करून बझर खाली ओट्याजवळ आणला तेव्हा कुठे काम झालं. आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात तेव्हापासून खडूने लिहिलंय, "माणूस कुठे उभा असतो?" ते कुणी पुसत नाही.

मधेच एक सांगायचं राहिलं, वस्तू बनवायच्या आधी ती बाजारात आहे का ते बघायला पाठवा. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन दुकानदाराला विचारणं हा उत्तम मार्ग आहे, टाकीसाठी फ्लोट व्हॉल्व्ह आधीपासून मिळतो हे पोरांना तिथेच कळलं आणि तोंडं पडली. पण तोंड पडायचं कारण नाही, "मग काकूंनी तो का नाही लावला?" हा पुढचा प्रश्न. उत्तर असं की व्हॉल्व्हने पाणी थांबतं पण मोटर चालूच राहते, बिल पडतं आणि मोटर तापते. जुनी वस्तू कुठे कमी पडते ते सापडलं की तुमचं काम तिथून सुरू होतं.

गोष्टी सांगायच्या तर आपल्याकडच्या सांगा, एडिसनचा बल्ब ऐकून ऐकून पोरं कंटाळलीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, शाळा तिसरीपर्यंत, १९८३ साली स्वतःच्या भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, असं वर्षानुवर्षं निवडत एचएमटी तांदूळ तयार झाला, नाव पडलं त्या वेळच्या घड्याळावरून. माझ्या पोरांना यातलं सगळ्यात काय भावलं तर "वेगळं दिसलं म्हणून बाजूला ठेवलं". मग एकीने घरच्या भुईमुगात तेच सुरू केलं. कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम यांची गोष्ट पण सांगा, मोठ्या मुलींसमोर लाजायचं काही कारण नाही. त्यांनी आधी साध्या कापसाचे सॅनिटरी पॅड केले, चाललेच नाहीत, आणि तयार पॅडमध्ये कापूस नसून लाकडाच्या लगद्याचं सेल्युलोज असतं हे कळायला त्यांची वर्षं गेली. वापरणाऱ्या बायका मोकळेपणी बोलत नव्हत्या हीच मोठी अडचण होती. आजीच्या "लई छान"ची मोठी बहीण!

आणि जमलं तर एकदा पाबळला घेऊन जा, पुणे जिल्हा, शिरूर तालुका. डॉ. श्रीनाथ कलबाग कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली पोरं तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, विजेची कामं हाताने करत शिकतात, आणि फॅब लॅब (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनांनी वस्तू बनवायचं वर्कशॉप) पण आहे, २००२ पासूनची. फॅब लॅब म्हटल्यावर शहरातली पोरं काचेची इमारत डोळ्यासमोर आणतात, म्हणून तर न्यायचं.

आता मुलींचं. लक्ष ठेवलं नाही तर तिसऱ्या मिनिटाला पक्कड पोरांकडे आणि वही पोरींकडे, "तुझं अक्षर चांगलंय, तू लिही". हे कुणी मुद्दाम करत नाही, होतंच. म्हणून आमच्याकडे भिंतीवर चार्ट आहे, हत्यार कोण धरणार, लिहिणार कोण, बोलणार कोण, दर रविवारी आलटून पालटून. पहिले दोन महिने कटकट होते. मग आमच्यात सगळ्यात स्वच्छ सोल्डरिंग कुणाचं निघालं तर जी पहिल्या दिवशी गनला हातही लावत नव्हती तिचं.

पालकांचं काय करायचं याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. वर्कशॉपच्या आत घेऊ नका एवढंच. वस्तू जरा चालली की बाबा लोक म्हणतात पेटंट काढू. त्यांना शांतपणे सांगा की पेटंटला वस्तू नवीन असावी लागते, यूट्यूबवर टाकून नाहीतर प्रदर्शनात मांडून मोकळे झालात की तो नवेपणा बहुतेक जातो, आणि खरंच काही वेगळं असेल तर आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज करता येतो, मग पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. आगपेट्यांना पेटंट मिळत नाही. स्पर्धेचं म्हणाल तर सरकारची इन्स्पायर मानक योजना बरी आहे, सहावीपासूनच्या मुलांच्या आयडिया शाळेमार्फत ऑनलाइन जातात आणि निवड झाली तर १० हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात, मॉडेल करायला. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर हेडमास्तरांच्या मागे लागून तिचं कुलूप उघडायला लावा, केंद्राने २० लाखांपर्यंतचं अनुदान देऊन उभ्या केलेल्या लॅब आहेत त्या, थ्रीडी प्रिंटरवर कापड टाकून ठेवायला नाहीत. पण स्पर्धेसाठी वस्तू करू नका, झालेली वस्तू पाठवा. स्पर्धेसाठी केली की परीक्षकाला काय आवडेल ते बनतं आणि आजी राहतात बाजूला.

अडकल्यावर काय करायचं हेही विचारतात लोक. पोरं अडकणारच, गप्प होणार, एकजण मोबाईल काढणार. अशा वेळी उत्तर द्यायचा मोह आवरा, तीन प्रश्न ठेवा हाताशी: शेवटी काय बदललं होतं? एकच गोष्ट बदलून बघितली का? ज्याच्यासाठी करतोय त्याला जाऊन विचारलं का? तरीही नाही हललं तर त्या दिवशी सोडून द्या आणि चहा-बिस्किट. बऱ्याचदा बुधवारी कुणाचा तरी फोन येतो, काका सुचलं. दर वेळी नाही येत. कांद्याच्या चाळीचं आमचं दोन सीझन झाले तरी जमलेलं नाही, दर रविवारी क्रेट वजन करतोय, वास येण्याआधी वजन घटण्यात काही फरक दिसतो का ते बघतोय, अजून तरी आकडे नुसते गोंधळ घालतायत. वही चालू आहे.

बाराला दहा कमी असताना काम थांबवायचं, कितीही रंगात आलेलं असो. झाडू दोघांनी, स्क्रूचा डबा एकाने, आणि शटर ओढायच्या आधी हत्यारं बोर्डावरच्या खुणांशी जुळवून मोजायची. पक्कड हमखास एक कमी भरते, दप्तरं तिथल्या तिथे उघडून बघा.